महेश्वर आणि पैलतीरीची नावडातोली

शाळेच्या चार भिंतींत वर्षभर जे वाचावे, त्यातले थोडे तरी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात असते. इंदुरात राहणाऱ्या आम्हा मुलामुलींना तर होळकरांचा इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. राजवाडा, छत्रीबाग, खासगी, अहिल्याबाई ही नावे आमच्या रोजच्या बोलण्यातलीच आहेत. तरीही ज्या गावी बसून अहिल्याबाईंनी अठ्ठावीस वर्षे राज्य केले, ते महेश्वर आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी पाहिलेले नव्हते. म्हणून या वर्षी दहावीच्या वर्गाची सहल महेश्वरला न्यावी असे इतिहासाच्या गुरुजींनी सुचविले, तेव्हा आम्हा सर्वांना अतिशय आनंद झाला. गुरुजींनी मात्र एक अट घातली. सहल अर्ध्याच दिवसाची असेल, बरोबर तेथला माहीतगार मार्गदर्शक असेल आणि शेवटी नावेतून पैलतीरी जावयाचे. "दिवसभर हिंडून दहा स्थळे पाहण्यापेक्षा अर्ध्या दिवसात दोन तीर नीट पाहा," असे ते म्हणाले. दोन तीर कोणते आणि पलीकडे काय आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही.

पौष महिन्यातील थंडीची सकाळ होती. सहा वाजता आमची बस निघाली. शहराचे दिवे मागे पडले आणि महूच्या रस्त्याला लागलो तेव्हा पूर्वेला नुकते तांबडे फुटत होते. महू हे लष्करी छावणीचे गाव. याच गावी १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, याचे स्मरण गुरुजींनी करून दिले. पुढे मानपूर गेल्यावर विंध्य पर्वताचा उतार सुरू झाला. वर माळव्याचे गार, सपाट पठार आणि खाली निमाडचा उबदार मुलूख. घाट उतरताना अंगावरील शाली आणि स्वेटर एकामागून एक उतरू लागले. गुजरी आणि धामनोद या गावांच्या आसपास कपाशीची शेते लागली. वेचणी संपत आलेली असली तरी कोठे कोठे काळ्या मातीवर पांढरी बोंडे दिसत होती. धामनोदहून डावीकडे वळून थोड्याच वेळात आम्ही महेश्वरला पोचलो. इंदुरापासून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर आहे.

किल्ल्याच्या दरवाजाशी आमचे मार्गदर्शक वाट पाहत उभे होते. वयाने सत्तरीच्या घरातले, अंगात पांढरा सदरा, गळ्यात लोकरीचा मफलर. त्यांची बोली निमाडी आणि हिंदी यांचे मिश्रण होती; परंतु तिच्यात वाडा, देवघर, दप्तर, खासगी, कारभारी हे आपले शब्द असे सहज येत की ते त्यांना परके आहेत असे मुळीच वाटत नव्हते. गुरुजींना नमस्कार करून ते आम्हांला म्हणाले, "बेटा, पहले जूते उतारो. यह महल नहीं, माँसाहब का घर है."

ते शब्द अक्षरशः खरे होते. राजवाडा म्हणून आम्ही मनात उंच मनोरे, संगमरवर आणि आरसेमहाल रंगविले होते. समोर होता तो एक साधा, प्रशस्त वाडा. मधोमध चौक, सभोवती लाकडी खांबांची ओसरी, वर कौले, एका बाजूस बैठकीची गादी. पुण्यासाताऱ्याकडील जुने वाडे ज्यांनी पाहिले होते, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटला. ज्या स्त्रीच्या हातून काशीचे विश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे राहिले, गयेचे विष्णुपद मंदिर बांधले गेले, सोमनाथला नवे देवालय झाले आणि हिंदुस्थानभर घाट, विहिरी व धर्मशाळा उभ्या राहिल्या, तिने स्वतःसाठी एवढ्यावरच समाधान मानले. त्यातही विशेष हे की या धर्मकार्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून न करता खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून करण्याची तिची रीत होती. घरातील खर्च आणि दौलतीचा खर्च यांत भेद राखणे किती कठीण असते, ते थोरांना विचारावे!

मार्गदर्शकांनी चौकात उभे राहून अहिल्याबाईंची हकीकत सांगितली. १७२५ साली चौंडी या लहानशा गावी पाटलाच्या घरी जन्म. मल्हारराव होळकरांची सून म्हणून लहान वयात या घराण्यात प्रवेश. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव ठार. १७६६ साली सासरे मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेरावही गेला. अशा स्थितीत १७६७ साली त्यांनी दौलतीचा कारभार हाती घेतला, फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांवर सोपविली आणि राजधानीसाठी नर्मदेचा हा काठ निवडला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. ही सारी सनावळी आम्हांला परीक्षेपुरती पाठ होती. परंतु त्या ओसरीवर, त्या गादीसमोर ती ऐकताना एकेका सनामागे एकेक मृत्यू उभा आहे हे प्रथमच ध्यानात आले. वर्गातील नेहमी बडबड करणारी मुलेही त्या वेळी गप्प होती.

वाड्यालगत लिंगार्चनाचा विधी चालू होता. नर्मदेकाठची काळी माती मळून ब्रह्मवृंद तिची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगे करीत होते आणि लाकडी पाटांवर ओळीने मांडीत होते. प्रत्येक लिंगाच्या माथ्यावर धान्याचा एकेक दाणा. पूजा झाली की ती सर्व नदीत विसर्जन करावयाची आणि दुसऱ्या दिवशी नवी करावयाची. अहिल्याबाईंच्या वेळेपासून हा क्रम चालत आलेला आहे. जे सायंकाळपर्यंत टिकावयाचे नाही, ते रोज तितक्याच काळजीने करीत राहावे, ही गोष्ट आम्हांला नवीन होती.

तेथून जवळच हातमागांचा कारखाना आहे. आत शिरताच मागांचा एकसारखा खटखट आवाज कानी आला. महेश्वरी लुगडे सुताचे किंवा सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचे असते. त्याच्या काठांवर घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडांवरील नक्षी उतरली आहे. चटई, लहर, ईंट अशी त्या नक्ष्यांची नावे आहेत. काही लुगड्यांचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या गावातील विणकाम मध्यंतरी खालावले होते. १९७९ साली स्थापन झालेल्या रेहवा सोसायटीने त्याला पुन्हा बळ दिले आणि त्यातून अनेक स्त्रियांना घरबसल्या नव्हे, तर मागावर बसून मानाने मिळविता येऊ लागले. रेहवा हे रेवेचे, म्हणजे नर्मदेचेच नाव. मार्गदर्शकांनी जाता जाता सांगितले की राजधानी वसविताना अहिल्याबाईंनी बाहेरगावचे विणकर बोलावून आणले आणि त्यांना येथे घरे दिली. आज महेश्वरी हे नाव त्यांच्या हातच्या वस्त्राला आहे. ते मूळचे कोठले हे कोणी विचारीत नाही. हे वाक्य त्या वेळी आम्ही नुसते ऐकले. त्याचा अर्थ पुढे लागावयाचा होता.

किल्ल्यातून खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांनी आम्ही नदीकडे निघालो. वाटेत उजवी-डावीकडे दोन वास्तू समोरासमोर दिसतात. एक अहिल्येश्वराचे शिवालय, अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ त्यांच्या मागे होळकरांनी बांधलेले. दुसरी विठोजीराव होळकरांची छत्री. शिवालयाचे शिखर, जाळीदार गवाक्षे आणि झरोके पाहून, हे दगडाचे की लाकडाचे, असा भ्रम व्हावा इतके कोरीव काम बारीक आहे. छत्रीच्या जोत्याला सभोवार हत्तींची रांग कोरलेली आहे. ती पाहून एक विद्यार्थी नवलाने मोजू लागला. तेव्हा मार्गदर्शक हलक्या आवाजात म्हणाले की विठोजीरावांना १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले. मुलाची मोजणी तेथेच थांबली. त्या वधाचा सूड म्हणून त्यांचे बंधू यशवंतराव १८०२ साली पुण्यावर चालून गेले, बाजीराव वसईस पळाला, त्याने इंग्रजांशी तह केला, आणि मराठ्यांचे स्वातंत्र्य तेथून ओसरू लागले. पुस्तकातील 'वसईचा तह' हा धडा या छत्रीपाशी सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि महेश्वर मागे पडले. ते मागे पडले म्हणूनच कदाचित इतके जसेच्या तसे राहिले.

पायऱ्या संपल्या आणि समोर नर्मदा आली. सूर्य वर चढला होता आणि पात्राचा पलीकडला भाग चांदीच्या पत्र्यासारखा चमकत होता. अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट असे घाट एकास एक लागून आहेत. कोणी स्नान करीत होते, कोणी कपडे धूत होते, परिक्रमेस निघालेले काही जण पायरीवर बसून शिदोरी सोडीत होते. आम्हांला पाहताच त्यांच्यातील एका वृद्ध स्त्रीने "नर्मदे हर" म्हटले आणि आम्हीही सर्वांनी मोठ्याने "नर्मदे हर" म्हटले. घाटावर जागोजाग लहान लहान शिवलिंगे आहेत. तशीच काही स्मारकशिळाही आहेत. त्या सतींच्या आहेत असे कळले. फणसे हे अहिल्याबाईंच्या जावयाचे आडनाव. ते यशवंतराव फणसे वारल्यावर १७९१ साली त्यांची कन्या मुक्ताबाई सती गेली. ज्या अहिल्याबाई कुंभेरीस स्वतः सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांच्या विनवणीने मागे फिरल्या, त्यांना आपल्या मुलीस मात्र मागे फिरविता आले नाही. आमच्यातील मुली त्या शिळांपाशी बराच वेळ उभ्या होत्या. गुरुजींनी त्यांना घाई केली नाही.

येथवर साडेदहा वाजले. मार्गदर्शकांनी एका नावाड्याला हाक मारली. आमचा वर्ग चौदा जणांचा. जुन्या हजेरीपटात एकेका तुकडीत चाळीस-चाळीस नावे दिसतात. आता सारा वर्ग एका नावेत मावतो. "बरे झाले, दुसऱ्या नावेचे भाडे वाचले," असे कोणी तरी म्हणाले. सगळे हसले, परंतु ते हसणे लवकर संपले. नावेला यंत्र होते, तरी गुरुजींच्या सांगण्यावरून नावाड्याने ते बंद ठेवले आणि वल्ही हातात घेतली. किनारा सुटला, गलबला मागे राहिला आणि वल्ह्यांच्या पाण्याला लागण्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. मागे वळून पाहावे तो अवघा किल्ला, घाट, शिखरे, छत्र्या पाण्यात उलट्या उभ्या! आम्ही इतका वेळ ज्या वास्तूंच्या पायथ्याशी मुंगीसारखे हिंडत होतो, त्या एका दृष्टिक्षेपात मावल्या.

नदीच्या मध्ये एका खडकावर बाणेश्वराचे छोटेसे मंदिर आहे. पृथ्वीच्या मध्यापासून ध्रुवताऱ्यापर्यंत जाणारी रेषा या मंदिरातून जाते अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. नावाड्याने नाव त्या खडकाभोवती फिरविली आणि सहस्रार्जुनाची कथा सांगितली. माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य अर्जुन आपल्या सहस्र बाहूंनी नर्मदेचा प्रवाह अडवून जलक्रीडा करू लागला. परंतु ती त्याच्या बाहूंतून हजार धारा होऊन निसटली. येथून खाली खडकांतून फुटून वाहणारी सहस्रधारा ती हीच. पुराणांतील माहिष्मती म्हणजे महेश्वर, असे अनेकांचे मत आहे. काही विद्वान ते स्थान ओंकारेश्वराकडे दाखवितात. नावाड्याला मात्र त्यात संशय नव्हता. सहस्रार्जुनाने नदी अडविल्याची कथा सांगून झाल्यावर तो किंचित हसला आणि म्हणाला की आता वर ओंकारेश्वरला धरण आहे. तेथील वीजघरातून पाणी सोडले की सकाळी उघड्या असलेल्या पायऱ्या दुपारी बुडतात. पूर्वी आषाढ-श्रावणात नदीचे मन ओळखावे लागे, आता रोजच ओळखावे लागते. नावा कोठे बांधावयाच्या, जाळे केव्हा टाकावयाचे, सारे त्याप्रमाणे बदलले. तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता. पाण्यावर जगणाऱ्या माणसाने पाण्याबद्दल बोलावे तसे तो बोलत होता.

मग त्याने आम्हांला विचारले, "आप लोग कहाँ के?"

"इंदूरचे," आम्ही एकदम म्हणालो.

"इंदौर तो ठीक है. मूल कहाँ के?"

आता उत्तर एक येईना. कोणी सातारा म्हणाले, कोणी रत्नागिरी, कोणी पुणे. एका मुलीने तर, आमचे मूळ गाव कोणते ते आजोबांनाही ठाऊक नव्हते, असे सांगून टाकले. ज्यांनी गावांची नावे घेतली त्यांपैकी फारच थोड्यांनी ती गावे पाहिली होती. इंदुरात आम्हांला 'मराठी लोग' म्हणतात. सुटीत पुण्याला नातलगांकडे गेलो की आमच्या बोलण्यात हिंदी वळण आहे म्हणून 'इंदुरी' ठरतो. शाळेत मराठीतून शिकतो, घराबाहेर पाऊल टाकले की हिंदीतून बोलतो. दोन्हीकडे आपले आणि दोन्हीकडे थोडे पाहुणे, अशी आमची स्थिती आहे. ती आजवर आम्ही कधी शब्दांत मांडली नव्हती. परंतु त्या साध्या प्रश्नाने नावेतील प्रत्येकाला ती जाणवली. नावाडी वल्हे मारीत म्हणाला, "हम तो यहीं के. मैया के." त्याच्या त्या दोन शब्दांच्या खात्रीचा आम्हांला हेवा वाटला.

गुरुजी सर्व ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त समोरच्या तीराकडे बोट केले.

दक्षिण तीरावर उतरलो तेव्हा आमची थोडी निराशाच झाली. शिखर नाही, कमान नाही, पायऱ्याही नाहीत. काठाची भुसभुशीत माती चढून वर गेलो तर एक लहानसे खेडे, शेते आणि काही उंचवटे. या खेड्याचे नाव नावडातोली, म्हणजे नावाड्यांची वस्ती. "येथे पाहावयाचे काय?" असे एकाने विचारलेच. त्यावर गुरुजी म्हणाले, "ज्यावर उभा आहेस, ते पाहा."

त्या उंचवट्यावर बसून त्यांनी जे सांगितले, तो त्या दिवसाचा खरा धडा होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५२–५३ साली महेश्वर आणि नावडातोली येथे उत्खनन केले. डॉ. सुब्बाराव आणि डॉ. शां. भा. देव हे त्यांचे सहकारी होते. पुढे १९५७ ते १९५९ या काळात नावडातोलीस पुन्हा विस्ताराने खणण्यात आले. त्यांत असे दिसून आले की सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या उंचवट्यांवर शेतकऱ्यांचे नांदते गाव होते. लाकडाचे खांब रोवून, त्यांभोवती बांबूचे कूड घालून ते मातीने लिंपीत. घरे काही वाटोळी होती, काही चौकोनी. लाकूड केव्हाच कुजून गेले; परंतु खांबांची भोके जमिनीत राहिली आणि त्यांवरून घरांचा आकार कळला. जमिनी चुन्याने सारविलेल्या होत्या. जळून कोळसा झालेले धान्य सापडले, त्यावरून ते लोक आरंभी गहू आणि पुढे तांदूळही खात हे समजले. मसूर, वाटाणा, जवस आणि बोरेही त्यांना ठाऊक होती. तांब्याची हत्यारे थोडी, गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती पुष्कळ. लोखंड मुळीच नाही. आणि भांडी! तांबड्या रंगावर काळ्या रेघांनी नक्षी काढलेली सुबक भांडी. या भांड्यांना पुराणवस्तुसंशोधक 'माळवा भांडी' म्हणतात आणि त्या लोकांच्या जीवनपद्धतीला 'माळवा संस्कृती'.

इतके सांगून गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मुलांनो, आता पुढचे नीट ऐका. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास याच माळवा पद्धतीची भांडी वापरणारे शेतकरी दक्षिणेत गेलेले दिसतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील सर्वांत जुन्या वस्तीत हीच भांडी निघाली. प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथेही माळवा संस्कृतीचा थर आहे. ते दायमाबाद कोणत्या जिल्ह्यात, ठाऊक आहे? अहमदनगर, २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात तो. आणि चौंडी त्याच जिल्ह्यात!"

आम्ही स्तब्ध झालो. म्हणजे ज्या जिल्ह्यातून निघून अहिल्याबाई या नर्मदेकाठी आल्या, त्याच जिल्ह्यात त्यांच्या जन्माच्या तीन हजारांहून अधिक वर्षे आधी नर्मदेकडील कुंभारकाम पोचलेले होते. आमचे पूर्वज पेशवाईत घोड्यांवरून, बैलगाड्यांतून नर्मदा ओलांडून उत्तरेस आले. त्यांच्या कितीतरी आधी कोणी अनाम शेतकरी डोक्यावर बियाण्याची गाडगी घेऊन हीच नदी मागे टाकून दक्षिणेस गेले होते. जाणारे आणि येणारे यांत पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे आता कोण ठरविणार? आणि नावडातोलीत सापडलेली ती मडकी कोठे आहेत? पुण्यास, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात! माळव्याची मडकी पुण्यात आणि पुण्यासाताऱ्याची मुले माळव्यात. हे कळल्यावर आमच्यातील काहींना खुदकन हसू आले, आणि गुरुजीही त्यात सामील झाले.

एका विद्यार्थिनीला मातीत एक तांबडी खापरी दिसली. तिच्यावर पुसट काळी रेघ होती. ती जुनी की अलीकडची, हे सांगणे जाणत्यांचे काम. ती खापरी हातोहात फिरली. प्रत्येकाने अंगठ्याने ती रेघ चाचपून पाहिली. घरी नेण्याचा मोह सर्वांनाच झाला, परंतु गुरुजी म्हणाले, "जेथे सापडली तेथेच ठेव. तिचे ठिकाण हेच तिचे बोलणे आहे. तुझ्या कपाटात ती मुकी होईल." तिने ती पुन्हा होती तशी मातीत ठेवली. कोणा राजाराणीचे नाव नसलेल्या, शिलालेख नसलेल्या त्या उंचवट्यावरून समोर पाहिले तर पलीकडे अहिल्याबाईंचा किल्ला उन्हात झळकत होता. इकडे माती, तिकडे दगड. दोन तीर नीट पाहा, असे गुरुजी म्हणाले होते त्याचे मर्म आम्हांला तेथे कळले.

परत निघालो तेव्हा पाणी खरोखरच चढले होते. येताना ज्या पायरीवरून नावेत बसलो ती पायरी दिसेना. नावाड्याने दोन पायऱ्या वर नाव लावली. त्याचा निरोप घेताना वर्गातील एका मुलाने त्याला सांगितले, "काका, हम भी यहीं के." नावाड्याने मान डोलाविली. त्याला त्यात काही विशेष वाटलेले दिसले नाही. बाराचे उतारू घाटावर थांबले होते आणि त्याला पुन्हा पलीकडे जावयाचे होते. मार्गदर्शकांनी आमच्याकडून दक्षिणा म्हणून ठरल्यापेक्षा एक पैसाही अधिक घेतला नाही. पुढच्या वर्षीही मुलांना आणा, एवढेच गुरुजींना विनविले.

घाटावरच्या सावलीत बसून आम्ही बरोबर आणलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि तिळाच्या वड्या खाल्ल्या. दीड वाजता बस निघाली. विंध्याचा घाट चढताना पुन्हा गारवा लागू लागला. कोणी गाणी म्हणत होते, कोणी पेंगत होते. काही जण मात्र वहीत रेघा ओढून नर्मदा, प्रवरा आणि घोड या तीन नद्यांचा नकाशा काढण्याचा प्रयत्न करीत होते.

या सहलीने आम्हांला काय दिले, असा विचार करता दोन गोष्टी मनात राहतात. एक म्हणजे अहिल्याबाईंचा थोरपणा त्यांनी बांधलेल्या दगडांत जितका आहे, त्याहून अधिक तो त्या साध्या वाड्यात आहे. परक्या मुलखात येऊन त्यांनी तो मुलूख इतका आपला केला की तेथील वृद्ध मार्गदर्शक आज त्यांना घरच्या माणसासारखे 'माँसाहब' म्हणतो. दुसरी गोष्ट नावडातोलीच्या मातीने शिकविली. माणूस कोठून आला हे महत्त्वाचे खरे; परंतु तो जेथे राहिला तेथे त्याने काय पेरले, काय विणले, कोणासाठी पायऱ्या बांधल्या, यावरून ती भूमी त्याला ओळखते. आमची मराठी आम्ही टिकवू. ती आमच्या घराची भाषा आहे आणि आमच्या शाळेचीही. आमच्या वर्गात आज चौदाच नावे असली, तरी ती भाषा बोलताना आम्हांला या मातीत पाहुणे असल्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. आणि पुण्यास जाण्याचा योग आला, तर नातलगांच्या भेटीबरोबर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातही जाऊन यावयाचे आम्ही ठरविले आहे. तेथे आमच्या माळव्याची काही मडकी साठ-सत्तर वर्षांपासून मुक्कामाला आहेत. त्यांची विचारपूस करणे हे आमचे कर्तव्यच नव्हे काय?